बेंजोवाल्याचं पाणी

बेलवलीत हळदीला बेंजो सुरू करायला कुणाची परवानगी लागत नाही. नवऱ्यामुलाचा मामा, दारात चपला काढणारा पाहुणा, कुणीही हात वर करून 'होऊ द्या' म्हणालं की चंदर भोईरची बेंजो पार्टी सुरू. थांबवायचा अधिकार मात्र एकीचाच असायचा. जिच्या घरची हळद ती बाई पाण्याने भरलेला तांब्या घेऊन यायची, चंदरच्या समोर ठेवायची, चंदर बेंजो बाजूला करून पाणी प्यायचा, आणि मग मंडळी जेवायला उठायची. तांब्या येईपर्यंत वाजवणाऱ्याने थांबायचं नाही आणि नाचणाऱ्याने बसायचं नाही. चंदरच्या वडिलांनी हा शिरस्ता घातला होता, आणि त्यामागे कारणही रोखठोक होतं. घोटभर जास्त झालेला एक पाहुणा 'बंद करा' म्हणायचा, दुसरा 'चालू ठेवा' म्हणायचा, आणि दोघांच्या भांडणात मार बेंजोवाल्याला बसायचा. घरच्या बाईच्या तांब्यापुढे मात्र भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

बेंजो म्हणजे काय, हे बदलापूरच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्यांना सांगावं लागतं. लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा, त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हातातल्या प्लॅस्टिकच्या तुकड्याने तारा छेडायच्या. सोबत ताशा आणि ढोलकी. आगरी माणसाला हा आवाज कानावर पडला की पाय ऐकत नाहीत, मग तो बँकेत मॅनेजर असो नाही तर गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घेऊन आलेला असो.

चंदरची बायको वेणू या सगळ्याकडे लग्न झाल्यापासून पाहत आली होती, आणि तिच्या मनात एक बारीकशी अढी होती. तिच्या नवऱ्याला गावोगावच्या बायका चारचौघांत पाणी द्यायच्या. कुळगावच्या, वांगणीच्या, जांभूळच्या. कुणी लाजत, कुणी ठसक्यात, एक तर चक्क पदराने घाम पुसायला निघाली होती. वेणूला स्वतःला ते भाग्य कधी लाभलं नव्हतं, कारण तिच्या घरात हळदच झाली नव्हती. घरी ती चंदरला पाणी द्यायची ते ताटाशेजारी, आणि तो ते टीव्ही बघत प्यायचा. एकुलती एक मुलगी नेत्रा. तिच्या हळदीला आपण भरजरी लुगडं नेसायचं, भरल्या मांडवातून तांब्या घेऊन चालत जायचं आणि आपल्याच नवऱ्याच्या समोर ठेवायचा, हे वेणूने नेत्रा बालवाडीत होती तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

नेत्राचं लग्न जमलं. मुलगा अंबरनाथच्या बुवापाड्यातला, भावेश नावाचा, कामाला चोख आणि बोलायला कमी. सगळं छान चाललं होतं, आणि एका संध्याकाळी नेत्राने जेवता जेवता सांगितलं की हळदीला डीजे ठरवलाय, भावेशचा मित्र आहे, सुयोग नावाचा.

चंदरचा घास हातातच राहिला. नेत्रा घाईघाईने म्हणाली, "पप्पा, माझ्या हळदीला तरी तुम्ही पाहुण्यासारखे बसा ना आरामात."

पोरीने हे लाडाने म्हटलं होतं, पण चंदरच्या कानात त्यातला एकच शब्द राहिला, पाहुणा. तो जेवण संपवून उठला, बेंजो फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळला आणि कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिला. जांभूळच्या शिवरामला, म्हणजे त्याच्या ताशावाल्याला, फोन करून सांगितलं की पार्टी बंद. शिवरामला आधी वाटलं चंदर प्यायलाय. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करून त्याने खात्री करून घेतली आणि मग तोच दोन दिवस पीत बसला.

त्या दिवसापासून घरात बाप आणि लेक एकमेकांशी इतकं गोड बोलू लागले की वेणूला भीती वाटायला लागली. 'चहा घेणार का पप्पा', 'घेईन बाला', असं. ज्या घरात आवाज चढवल्याशिवाय मीठसुद्धा मागितलं जात नव्हतं, तिथे हे लक्षण काही बरं नव्हतं. वेणूने चंदरला एकदा विचारून पाहिलं की निदान घटकाभर तरी वाजवाल का. त्याने कपाटाकडे न बघता सांगितलं की मुलीला जे नको ते आपण करत नाही.

नेत्रा उल्हासनगरला हरेशभाईंच्या ट्रॅव्हल ऑफिसात नोकरीला होती. दुकान एवढंसं, पण भिंतीवर सगळं जग लावलेलं. त्यांच्या बालीच्या टूरमधून अंबरनाथचं एक जोडपं आयत्या वेळी गळालं, आणि नेत्राने त्या दोन जागांवर आईबापांची नावं घातली. लग्न महिन्यावर आणि वधूचे आईबाप बालीला, हे ऐकून आळीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. चंदरने तर सरळ अर्थ लावला, की पोरीला आपण हळदीआधी देशाबाहेर हवे आहोत. वेणूने मात्र बॅग भरायला घेतली. विमानात बसायचं होतंच, आणि शिवाय त्या कपाटाशेजारी झोपणाऱ्या माणसाला चार दिवस कपाटापासून दूर नेलेलं बरं, असा तिचा हिशोब होता.

निघायच्या आधी हरेशभाईंनी सगळ्या मंडळींना ऑफिसात बोलावून कार्यक्रम समजावला. देवळं, समुद्र, धबधबा, आणि एका संध्याकाळपुढे लिहिलं होतं 'नाइटलाइफ'. चंदरने हे काय असतं ते विचारलं. हरेशभाई खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "साईं, रात को घूमने का, म्युझिक सुनने का, ऐश करने का." चंदर म्हणाला की हे तर आपण जन्मभर करत आलोय, त्याला पासपोर्ट कशाला लागतो. हरेशभाईंना ते इतकं आवडलं की पुढे सबंध टूरभर ते चंदरची ओळख 'हमारे नाइटलाइफवाले' अशी करून देत होते. चंदरला त्यातली गंमत कळत होती, पण हसायचं नाही असं ठरवून तो आला होता.

बालीत पोचल्यावर वेणू मात्र हरखली. रस्त्यात, दुकानांच्या पायरीवर, अगदी स्कूटरच्या सीटवरसुद्धा पानांच्या छोट्या द्रोणांत फुलं आणि उदबत्ती ठेवलेली. दारोदार चाफा. तिला वाटलं, आपल्या गावदेवीच्या जत्रेला आल्यासारखं आहे, फक्त धक्काबुक्की नाही. ग्रुपमधल्या सिंधी मावश्यांनी तिला दुसऱ्याच दिवशी आपल्यात ओढून घेतलं. त्यांच्याकडे पापडांचा डबा होता, आणि चहा असो, भात असो नाही तर नारळपाणी, त्या सगळ्याबरोबर पापड खायच्या. चंदर बसमध्ये सगळ्यात मागे बसायचा आणि खिडकीतून भाताची खाचरं बघायचा. इथली भाताची उंची चांगली आहे, एवढंच तो दोन दिवसांत स्वतःहून बोलला.

मग ती नाइटलाइफची संध्याकाळ आली. बसने सगळ्यांना समुद्राजवळच्या एका मोठ्या क्लबात नेऊन सोडलं. आत काळोख, जांभळे दिवे, भिंतीएवढे स्पीकर, आणि वर एका माचीवर हेडफोन लावलेला पोरगा हात हलवत उभा. छातीत धडधड व्हायला लागली. मावश्या पर्सेस वेणूकडे सोपवून नाचायला पळाल्या. वेणू आठ पर्सेस मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसली आणि तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो दोन्ही कानांत बोटं घालून त्या माचीवरच्या पोराकडे बघत होता.

"येवरे लांब विमानानं आयलू," तो वेणूच्या कानाशी ओरडला, "आन् यो आपल्या आदी हितं येऊन बसलाय."

वेणूला इतकं हसू आलं की मांडीवरच्या दोन पर्सेस खाली पडल्या. पण हॉटेलवर परत आल्यावर चंदर पलंगाच्या काठावर बसला आणि म्हणाला की पोरीचं बरोबर आहे, सगळ्या जगात हेच चाललंय तर तिने तरी वेगळं काय करावं. हे तो रागाने म्हणाला असता तर वेणूला काही वाटलं नसतं. तो समजूतदारपणे म्हणाला, आणि वेणूला त्याचीच धास्ती वाटली. रागावलेला माणूस कधीतरी बेंजो खाली काढतो. समजूत पटलेला माणूस तो विकून टाकतो.

दुसऱ्या दिवशी बस बेटाच्या पूर्वेकडे गेली. राजाच्या बागेतली पाण्याची तळी बघून झाली, आणि दिवस कलता कलता ड्रायव्हरने, त्याचं नाव केतूत, सगळ्यांना समुद्राकाठच्या एका साध्या खानावळीत आणलं. कार्यक्रमपत्रिकेत याला 'लोकल लाइव्ह म्युझिक' म्हटलं होतं. बांबूचं छप्पर, वाळूत मांडलेली टेबलं, पुढे थोडी मोकळी जागा आणि तिथे चटईवर बसलेली चार-पाच म्हातारी माणसं, डोक्याला रुमालासारखं कापड बांधलेली. एकाकडे बासरी, एकाकडे ढोल, एकाकडे झांजा. मधल्या म्हाताऱ्याच्या पुढ्यात काय आहे ते टेबलावरून दिसत नव्हतं. केतूतने हिंदी सिनेमांतून शिकलेल्या हिंदीत सांगितलं की तो त्याचा काका आहे.

ते वाजवायला लागले तेव्हा मावश्या पापड काढत होत्या आणि चंदर पाठमोरा बसून भाताशी खेळत होता. पहिल्या चार सुरांतच त्याचा चमचा थांबला. त्याने मान वळवली नाही. नुसता ऐकत राहिला.

"वेणू," तो हळूच म्हणाला, "बग गो, आपलं कोन आयलंय?"

वेणूने उठून पाहिलं. म्हाताऱ्याच्या पुढ्यात लाकडी पेटी होती, पेटीवर तारा, तारांवर बटणं. डावा हात बटणांवर, उजव्या हातात छोटासा तुकडा. गाणं तिच्या ओळखीचं नव्हतं, चालही आपली नव्हती, पण आवाज बेलवलीचा होता. या वस्तूला तिकडे काय म्हणतात ते केतूतने दोनदा सांगितलं आणि वेणू दोनदा विसरली. तिच्या दृष्टीने तो बेंजोच होता, आणि आजही आहे.

चंदर खुर्ची फिरवून बसला. म्हाताऱ्याची बोटं बघत राहिला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर वेणूला ओळखीचा त्रास दिसला. खानावळीत कुणी ऐकतच नव्हतं. एका टेबलावर गोरे लोक फोनवर जेवणाचे फोटो काढत होते, हरेशभाई उद्याच्या बसचं बोलत होते, मावश्या खात होत्या. मोकळ्या जागेत एक कुत्रं झोपलं होतं. चंदरने आयुष्यात असे कितीतरी मांडव पाहिले होते. रिकाम्या मांडवात वाजवणं म्हणजे काय, हे वाजवणाऱ्यालाच कळतं.

तो उठला. वेणूला म्हणाला, चल. कुठे, असं तिने विचारलं, तर तो आधीच चालायला लागला होता.

ज्या माणसाने सगळ्या तालुक्याला नाचवलं तो स्वतः कधी नाचला नव्हता, हे वेणूच्या तेव्हा लक्षात आलं. नाचणार कधी? त्याचे हात कायम बेंजोवर. चंदर मोकळ्या जागेत उभा राहिला, कुत्र्याने उठून जागा करून दिली, आणि त्याने दोन्ही हात वर केले. पाय बरोबर पडत होते, पण डाव्या हाताची बोटं हवेतच बटणं दाबत होती. वेणूला आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि मग काही वाटेनासं झालं. तिने पदर खोचला. मावश्यांनी पापड टाकले आणि शिट्ट्या सुरू केल्या. हरेशभाईंनी फोन काढला.

म्हाताऱ्याने मान वर करून पाहिलं. खानावळीत कुणीतरी नाचतंय हे बघून त्याचा चेहरा उजळला आणि त्याने लय वाढवली.

गाणं संपायची वेळ आली, संपलं नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. वेणूला दम लागला. तिने चंदरला बसूया अशी खूण केली, तर त्याने डोळे वटारले. वाजवणारा वाजवतोय आणि आपण बसायचं? बेलवलीच्या माणसाने? ती नाचत राहिली. तिसऱ्यांदा गाणं सुरू झालं तेव्हा तिने म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. त्याचं मनगट अवघडलं होतं, तो ओठ चावत होता, आणि आशेने तिच्याकडेच बघत होता. पाहुणे नाचतायत तोवर थांबायचं नाही, असं त्यालाही त्याच्या बापाने शिकवलं असणार. म्हणजे हे दोघे भले लोक एकमेकांच्या मानापायी आता पडेपर्यंत थांबणार नव्हते, आणि मध्ये वेणूचे गुडघे जाणार होते.

अशा वेळी काय करायचं हे बेलवलीत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वेणू नाचत नाचतच टेबलापर्यंत गेली, काचेचा पाण्याने भरलेला ग्लास उचलला आणि दोन्ही हातांनी म्हाताऱ्याच्या समोर ठेवला.

म्हाताऱ्याने पाण्याकडे पाहिलं, वेणूकडे पाहिलं, आणि तिच्या मागे हवेत बटणं दाबणाऱ्या चंदरच्या बोटांकडे पाहिलं. त्याने तारांवरचा हात काढला, पाणी गटागट प्यायला, आणि सगळं समजल्यासारखी मान हलवून तो चटईवरून उठला. चंदरचा हात धरून त्याने त्याला आपल्या जागेवर बसवलं आणि वाजवायचा तुकडा त्याच्या बोटांत दिला. वेणूचं पाणी म्हणजे 'उठा, आता माझ्या नवऱ्याला बसू द्या', असा त्याने अर्थ काढला होता. वेणूने नाही नाही म्हणून हात हलवले. मग ते हळूहळू हलवायचे थांबवले.

चंदरने बटणं चाचपली. मांडणी थोडी वेगळी होती, पहिले काही सूर घसरले. मग सापडले. ढोलवाल्याने एकदा कान देऊन ऐकलं आणि ठेका धरला, आणि बालीच्या समुद्रकाठी नवरीला हळद लावतानाची आपल्याकडची चाल सुरू झाली. म्हातारा ग्लास बाजूला ठेवून स्वतःच नाचायला लागला. गोरे लोक उठले. केतूत उठला. स्वयंपाकघरातल्या बाया हात पुसत बाहेर आल्या. हरेशभाई फोन हातात धरून नाचत होते, त्यामुळे पुढे त्या व्हिडिओत अर्धा वेळ आकाशच दिसतं.

वेणू मात्र उभी राहून बघत होती. महिनाभर ज्या माणसाचा चेहरा घडी घातलेल्या चादरीसारखा बंद होता, तो आता उघडला होता. तिला रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात चंदरने तिच्याकडे पाहून भुवई उडवली. त्याला घाम आला होता. तिने ओळखलं. तो पाण्याची वाट बघत होता.

वेणूने दुसरा ग्लास भरून घेतला. त्याच्यापासून दोन हातांवर येऊन उभी राहिली. आणि ग्लास हातातच ठेवला.

"पानी दे गो," चंदर वाजवता वाजवता म्हणाला.

"नेत्राच्या हलदीला वाजवाल क नय, ते सांगा आदी."

"तिनं डीजे सांगलाय."

"तिचं मी इचारलंच नय. तुमचं इचारते."

त्याने मान फिरवली आणि आणखी एक चाल सुरू केली. वेणू हलली नाही. म्हातारा नाचता नाचता कधी ग्लासाकडे तर कधी या दोघांकडे बघत होता; त्याला वाटलं असावं की हाही प्रकार गाण्याचाच भाग आहे. आणखी एक चाल झाली. चंदरची बोटं आता कुरकुरायला लागली होती, आणि शिरस्ता तर त्याच्याच घरचा. तो मोडायचा तर बापाचं नाव जाणार, आणि नाही मोडायचा तर बायकोपुढे हार. बरेच दिवस नवऱ्याला इतक्या चांगल्या जागी पकडायची संधी वेणूला मिळाली नव्हती, आणि ती तिने मनापासून उपभोगली.

"वाजवीन," शेवटी चंदर म्हणाला. "पन मी तिना सांगनार नय."

"नका सांगू," वेणू म्हणाली आणि ग्लास खाली ठेवला.

त्याने हात थांबवले, ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. सगळी खानावळ टाळ्या वाजवत होती. कसला करार झाला ते कुणालाच कळलं नव्हतं. वेणूच्या मनात आलं, आपण एवढी वर्षं भरजरी लुगड्यात भरल्या मांडवातून जायचं ठरवलं होतं आणि पाणी दिलं ते प्रवासात चुरगळलेल्या साडीत, वाळूत, अनवाणी. तरी तिची अढी गेली. समाधान झालं, आणि ते तिने लपवलंही नाही.

घरी आल्यावर नेत्राने दारातच आईला फोन दाखवला. हरेशभाईंनी व्हिडिओ आधीच पाठवला होता. त्यातल्या आकाशाच्या आधीचा भाग, जिथे चंदर हात वर करून नाचतोय, तो तिने इतक्यांदा पाहिला होता की कुठे कुत्रं उठतं तेही तिला पाठ होतं. चंदर अंघोळीला गेलेला बघून ती आईला म्हणाली, "मला हेच पाहिजे होतं, आई. डीजे त्याच्यासाठीच सांगितला. पप्पा सगळ्यांच्या हळदीला असतात, पण हळदीत कधीच नसतात. मला वाटलं, माझ्या तरी हळदीत ते नाचतील."

वेणूने कपाळाला हात लावला. हे बापाला सांग की, असं ती म्हणाली. सांगते, असं नेत्रा म्हणाली, आणि हळद आली तरी तिने सांगितलं नाही. बाप तसाच, लेक तशीच. दोघांमध्ये वेणू रोज चहा नेऊन देत राहिली.

हळदीच्या दिवशी दुपारी दारात मांडव भरला. अंगाला हळद लागली, बायकांनी गाणी म्हटली, आणि सुयोग डीजे आपला टेम्पो लावून दिवे जोडायला लागला. तेवढ्यात जांभूळहून शिवराम आला, खांद्याला ताशा आणि चेहरा असा, की जणू तो सहज इकडून चालला होता. सुयोगने विचारलं, काका, हे काय? शिवराम म्हणाला, काय नाय, तू जेवून घे.

घरातून चंदर बाहेर आला. हातात फुलाफुलांची चादर. त्याने ती सोडली, बेंजो स्टँडवर ठेवला आणि कुणाकडेही न बघता सुरू केलं. मांडवातल्या बाया-बापड्यांना जे झालं ते सांगायला नको. बँकेतला मॅनेजर आणि गुडघ्याच्या तारखेवाला, दोघेही उठले. नेत्रा पाटावर पिवळीजर्द होऊन बसली होती. ती बापाकडे बघत राहिली, मग उठली आणि तशीच हळदीच्या अंगाने नाचायला लागली.

ऊन उतरलं. स्वयंपाकी दोनदा येऊन सांगून गेला की वडे गार होतायत. वेणूने लुगडं सारखं केलं, पितळी तांब्या भरला आणि मांडवात आली. नेत्रा बालवाडीत असल्यापासून ठरवलेली ती वेळ आली होती. लोकांनी वाट दिली. चंदरने तिला येताना पाहिलं आणि चेहऱ्यावर मोठा मान मिळाल्याचा आव आणला.

वेणू त्याच्यापाशी पोचली आणि थांबली. तिला नेत्रा दिसली. ही पोर उद्या बुवापाड्याची होणार. तिथल्या हळदींना तिथला तांब्या हातात घेणार. या घरच्या बेंजोवाल्याला पाणी द्यायचा हक्क तिच्याकडे आजच्या दिवसापुरताच होता, आणि वेणूने तर आपल्या वाटचं पाणी बालीत देऊन घेतलं होतं. तिने तांब्या नेत्राच्या हातात दिला आणि बापाकडे बोट दाखवलं.

नेत्राने तो घेतला. पितळेवर तिची पिवळी बोटं उमटली. ती चंदरच्या समोर जाऊन उभी राहिली. सगळा मांडव बघत होता. चंदर वाजवत होता, पण आता मान वर करायचं त्याचं धाडस होत नव्हतं. नेत्राने तांब्या उचलला, स्वतःच्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

तोंड पुसून ती म्हणाली, "आज मी याच घरची आहे, पप्पा. मला नाही थांबवायचं तुम्हाला."

चंदरच्या डोळ्यांतून पाणी बेंजोच्या बटणांवर पडलं. त्याने ते पुसलं नाही, पुसणार कसं, दोन्ही हात कामात होते. शिवरामने काय समजायचं ते समजून ताशावर काडी जोरात टाकली. सुयोग डीजे टेम्पो बंद करून मांडवात शिरला.

नेत्राने रिकामा तांब्या आईला परत दिला. वेणू तो घेऊन आत मोरीवर गेली. हंडा काठोकाठ भरलेला होता. तिने तांब्या धुतला, फळीवर पालथा घातला, पदर खोचला आणि नाचायला बाहेर आली.